कृत्रिम हिरवळीत भरायचं काय? बेळगाव भागातल्या हॉटेल, मंगल कार्यालय आणि टर्फमालकांसाठी

कृत्रिम हिरवळ घेताना सगळ्यांची नजर पात्यांवर असते. उंची किती, रंग खराखुरा वाटतो का, हात फिरवला की मऊ लागतं का. पात्यांच्या बुडाशी जे भरायचं, ज्याला या धंद्यात इनफिल म्हणतात, त्याचा विषय शेवटच्या दिवशी निघतो आणि मग जवळ मिळेल ती वाळू ओतली जाते. गालिचा वजनाने जागेवर धरणं, पाती उभी ठेवणं आणि खालच्या बॅकिंगला (पाती ज्यात रोवलेली असतात त्या तळाच्या कापडाला) उन्हापासून वाचवणं ही कामं याच थराची. म्हणून गवताची ऑर्डर देण्याआधी हे ठरवून टाका.

आधी वापर कागदावर लिहा. हॉटेलच्या पुढचं लॉन, मंगल कार्यालयाचं अंगण, गच्चीवरचा कॅफे, बॉक्स क्रिकेटचं टर्फ: प्रत्येकाची गरज वेगळी. फुटबॉलमध्ये पोरं पडतात, तिथे मऊपणा हवा; म्हणून ५०–६० मिमी उंच पात्यात खाली वाळू आणि वर रबर असे दोन थर देतात. मंगल कार्यालयात मात्र रबर नकोच. काळे कण साड्यांना आणि पायांना चिकटून हॉलभर होतात. शिवाय तिथे केटररच्या शेगड्या असतात, वरातीचे फटाके असतात. रबर पेट घेतं, वाळू घेत नाही.

मग आपल्या गावचं हवामान बघा. खानापूरकडे, घाटालगत, पावसाळ्यात पाणी धो धो पडतं. बेळगाव शहरातही जूनपासून सुटका नसते. अशा ठिकाणी हलकं इनफिल टिकत नाही. कॉर्क तर पाण्यावर तरंगतो, नारळाच्या काथ्याचा भुसा ओल धरून कुजतो. उलट अथणी, रायबागकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. एप्रिलच्या दुपारी काळं रबर अनवाणी पायाला चटका देतं. तिथे फिक्या रंगाची वाळू बरी.

रबराबद्दल आणखी एक. हे कण बहुधा जुन्या टायरचे असतात. युरोपीय संघाने २०२३ साली नियम करून मैदानांसाठी अशा प्लॅस्टिक-रबर कणांची विक्री ऑक्टोबर २०३१ पासून बंद करायचं ठरवलं आहे, कारण ते पाण्याबरोबर वाहून मातीत आणि नदीत जातात. तो नियम आपल्याला लागू नाही, पण पाणी इथेही वाहतंच. बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव शिवारातली भातशेती पाण्याखाली जाते. त्या पाण्यातून टायरचे कण कुणाच्या वाफ्यात जाऊन बसावेत असं मला वाटत नाही. रबर घ्यावंच लागलं तर मैदानाच्या कडेने कठडा आणि गटारीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवूनच घ्या.

बहुतेक व्यावसायिक जागांसाठी माझी पसंती धुतलेल्या, वाळवलेल्या, गोल दाण्याच्या सिलिका वाळूला. दाणा साधारण ०.४ ते ०.८ मिमी. बजेट असेल तर ॲक्रिलिकचा लेप दिलेली वाळू घ्या. महाग आहे, पण धूळ कमी उडते आणि सांडलेलं अन्न धुऊन काढणं सोपं जातं.

खरी चूक होते ती वाळू कुठून आणायची इथे. पहिल्या कामात मी क्रशरची एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालवून घेतली. दाणे धारदार, त्यात दगडाची पूड. पहिल्याच पावसाळ्यात पुडीने बॅकिंगची भोकं बुजली, लॉनवर पाणी तुंबलं आणि सगळी वाळू उपसावी लागली. समुद्राची वाळूही नको, तिच्यात मीठ असतं. आणि बेळगावात हमखास येणारा सल्ला म्हणजे फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची, वापरलेली वाळू, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फुकट मिळते म्हणून. ती अजिबात नको. तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची पूड किंवा रेझिन असतं, धातूचे कण असतात. साच्यासाठीची कोरी वाळूसुद्धा बहुधा हवी त्याहून बारीक असते.

तपासणी घरच्या घरी होते. पारदर्शक बाटलीत मूठभर वाळू, वर पाणी, जोरात हलवा. दोन-चार मिनिटांत पाणी निवळलं तर माल घ्या. गढूळच राहिलं तर परत पाठवा. वाळूतून लोहचुंबकही फिरवा, लोखंडाचा चुरा असेल तर चिकटतो.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ सेंटिमीटर थर म्हणजे १० लिटर, वजनाने साधारण १६ किलो. ३५ मिमी पात्याच्या २०० चौरस मीटर लॉनला एवढा थर द्यायचा तर ३,२०० किलो, म्हणजे २५ किलोच्या १२८ गोण्या. गच्चीवर काम असेल तर त्या एका कोपऱ्यात रचू नका, स्लॅबभर पसरून ठेवा.

भरणी उन्हाळ्यात, वळिवाच्या आधी करा. वाळू आणि गवत दोन्ही कोरडं हवं, नाहीतर दाणे पात्यांवरच अडकतात. एकदम ओतू नका: पातळ थर, उलट दिशेने ब्रश, पुन्हा थर. सिलिकाची धूळ फुप्फुसाला घातक आहे, फाउंड्रीत राबलेल्या घरांना हे सांगावं लागत नाही. मजुरांना रुमाल नव्हे, नीट बसणारा मास्क द्या.

दहा-बारा गोण्या शिल्लक ठेवा. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की फाटकाजवळ आणि स्टेजसमोर बोट घालून थर मोजा. तिथला सगळ्यात आधी कमी होतो.