शोभिवंत समुद्री मासे पकडताय, विकताय? या चुका टाळा

उधाणाच्या दिवसांत सुकती (ओहोटी) लागली की आमच्या मालवणच्या खडकांतली डबकी उघडी पडतात आणि हातजाळी घेऊन पोरं उतरतात. पट्टेरी सार्जंट मासे, फुलपाखरू मासे, केंडाची (अंग फुगवणाऱ्या माशाची) पिल्लं, जे मिळेल ते बादलीत. मग बादली भरली म्हणून गिऱ्हाईक शोधायला निघायचं. इथेच पहिली चूक होते. गिऱ्हाईक मिळेपर्यंत चार दिवस मासे टबात कोंडले जातात, निम्मे मरतात, आणि ऑर्डर आली की पुन्हा त्याच डबक्यावर जावं लागतं. आधी ऑर्डर घ्या, कोणते आणि किती ते लिहून घ्या, मग तेवढेच पकडा.

काय उचलायचं नाही

समुद्रघोडा आणि त्याच्या कुळातले नळीसारखे मासे, सगळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ जीव), खडक बांधणारं प्रवाळ, समुद्रपंखे (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) या सगळ्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ‘रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) आपोआप आला’ म्हणून समुद्रघोडा घरी नेता येत नाही. जिवंत असेल तर लगेच पाण्यात सोडा. प्रवाळ चिकटलेला दगड ‘शोभेचा’ म्हणून विकणं हाही गुन्हाच. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे जाळी टाकायचीच नाही.

डबक्यात औषध टाकून मासे गुंगवणं हा सगळ्यात घातक प्रकार. 1897 च्या मत्स्य कायद्यापासून त्यावर बंदी आहे. तसा मासा वरून धडधाकट दिसतो आणि काही दिवसांत टाकीत मरतो. डबक्यातल्या बाकीच्या जिवांचं काय होतं ते तुम्ही दुसऱ्या सुकतीला बघाच.

एक गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. खडकाच्या बाजूला जांभळट रंगाचा, खरखरीत पट्टा दिसतो. ती सार्जंट माशाची अंडी. नर तिथून हलत नाही, आपला हात आला तरी अंगावर धावून येतो. तो पकडायला सर्वांत सोपा वाटतो, म्हणून आधी तोच जातो, आणि बाकीचे मासे थोड्या वेळात अंडी खाऊन टाकतात. राखण करणारा मासा सोडून द्या. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा.

‘मासे जिवंत पोचले, पण तासाभरात मेले’

ही तक्रार मी स्वतः ऐकलीय. पहिल्या वर्षी रात्रीच्या बसने पुण्याला पिशव्या पाठवल्या. सकाळी फोन आला, सगळे छान आहेत. दुपारी दुसरा फोन, सगळे गेले. दुकानदाराने काळजीने पिशव्या उघडून तासभर थेंब-थेंब नवं पाणी मिसळलं होतं. मला तेव्हा कारण कळलं नाही.

बंद पिशवीत मासा श्वास सोडतो तसा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. माशाच्या घाणीतला अमोनिया त्या पाण्यात फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि तोच अमोनिया कल्ल्यांना जाळतो. लांबच्या प्रवासाची पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीवर तरंगवा, तापमान जुळू द्या. मग उघडा आणि मासा लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. मात्र टाकीचा खारटपणा पिशवीशी जुळवून ठेवायचं काम आदल्या दिवशीच करायला हवं, तेव्हा किती खारट पाण्यात भरलंय ते दुकानदाराला कळवा.

मुळात घाण कमी व्हावी म्हणून पाठवण्याआधी 24 ते 48 तास खाऊ देऊ नका. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. कोपरे रबराने बांधून टाका, लहान मासे तिथे अडकून चिरडतात. काटेरी माशाला दोन पिशव्या आणि मधे वर्तमानपत्र. लायनफिशचा विषारी काटा बोटात घुसला तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टर गाठा.

पावसाळ्यात डबक्यांतलं पाणी गोडं होतं, मासे आधीच थकलेले असतात. तेव्हा हे काम बंदच ठेवावं.

विकताना लपवू नका

फुलपाखरू माशांपैकी काही जाती प्रवाळाचे जिवंत जीव सोडून दुसरं खातच नाहीत. गिऱ्हाइकाच्या टाकीत ते उपाशी मरतात. गोबऱ्याचं (मोठ्या तोंडाच्या शिकारी माशाचं) बोटभर पिल्लू गोंडस दिसतं, पण ते वाढून टाकीतल्या इतरांना गिळतं. हे सांगितलं तर एखादी विक्री हातची जाईल, जाऊ द्या. पाठवण्याआधीचा उपास सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मासा तुमच्यासमोर नीट खातोय का ते बघा, खात नसेल त्याला पाठवू नका.

आणि विकला गेला नाही म्हणून दुकानाच्या टाकीतला मासा दया येऊन समुद्रात सोडू नका. दुकानात इतर ठिकाणच्या माशांबरोबर राहिलेला मासा त्यांचे रोग घेऊन आपल्याच खडकात परततो.