मोबाइलमध्ये हरवलेले उदास मूल : पालकांनी काय करावे

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहणारा मुलगा रात्री उशिरापर्यंत रील पाहतो, घरच्यांशी तुटक बोलतो आणि त्याचे गुण घसरू लागतात, तेव्हा पालकांच्या मनात पहिला विचार येतो तो मोबाइल काढून घेण्याचा. हा विचार आधी बाजूला ठेवावा. मोबाइलमुळे उदासी आली की उदासी असह्य झाल्याने मूल मोबाइलकडे वळले, हे बाहेरून ठरवता येत नाही, आणि अनेकदा दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत असतात. शिवाय घरापासून दूर असलेल्या मुलाचे गावाकडचे मित्रही त्याच मोबाइलमध्ये असतात.

प्रथम निरीक्षण करावे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणे किंवा आवडीच्या गोष्टींतही रस न उरणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, स्वतःला कुचकामी समजणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. किशोरवयात दुःखापेक्षा चिडचिडच अधिक दिसू शकते. तिला उद्धटपणा समजून रागावण्याची चूक आपल्याकडे फार होते.

मग बोलावे, पण ‘किती वेळ मोबाइल पाहतोस?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर खोटेच मिळण्याची शक्यता असते. ‘काय पाहिल्यावर वाईट वाटतं?’ असे विचारावे. दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या रिपीटर मुलाला निकालाच्या दिवसांत शिकवणी वर्गांच्या पानांवरील गुणवंतांचे फोटो आणि प्रवेश मिळालेल्या मित्रांचे स्टेटस किती लागत असतील, याची कल्पना करावी. ही खाती काही काळ म्यूट करण्याचा उपाय लहान वाटला तरी मला तो अत्यंत मोलाचा वाटतो. मुलीला कोणी बनावट खात्यावरून किंवा फोटोंवरून धमकावत असेल, तर तिलाच दोष न देता स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि पोलिसांकडे तक्रार करावी.

उपायांत सर्वांत आधी झोप सावरावी. रात्री मोबाइल अंथरुणापासून दूर चार्जिंगला लावावा आणि सकाळच्या गजरासाठी साधे घड्याळ आणावे. खोलीतील सर्वांनी मिळून हा नियम केला तर तो टिकतो. घरी असलेल्या मुलासाठी मात्र आईवडिलांनीही तो पाळायला हवा.

वापर पूर्ण बंद करण्याची गरज नसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2018 मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज 10 मिनिटांपुरते मर्यादित ठेवले, तेव्हा त्यांचा एकाकीपणा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधील ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये अशी मर्यादा घालता येते, मात्र ती मुलाने स्वतः ठरवावी. मोकळ्या झालेल्या वेळात मैदानावर जाणे किंवा मित्रासोबत मेसला चालत जाणे असे काहीतरी ठरलेले असावे, नाहीतर हात पुन्हा तिकडेच वळतो.

एवढे करूनही लक्षणे टिकली, तर ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने थांबू नये. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येते. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. मुलाच्या बोलण्यात ‘मी नसलेलाच बरा’ असे काही आले, तर त्याच क्षणी, न घाबरता, आत्महत्येचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही, उलट मुलाला बोलण्याची मोकळीक मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. औषधे सुरू झाली, तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नयेत.