गूढ शब्दकोडं: आधी वाक्याचा अर्थ सोडा

'दया वलयात दडलेलं जळगाव जिल्ह्यातलं गाव (३)'. असं शोधसूत्र आलं की दया कोण, वलय कसलं, यात अडकू नका. व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, बहुधा एका टोकाला असते. इथे शेवटी आहे. 'दडलेलं' हा इशारा: उत्तर शब्दांच्या आतच लपलंय. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. अक्षरं सलग वाचा: द-यावल-यात. यावल!

'रवा उलटला की घाव (२)' मध्ये मात्र नवशिके हमखास चुकतात, कारण ते काना सुटा करतात. काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चिकटूनच फिरते: र-वा, वा-र, वार.

जोडशब्द, म्हणजे दोन शब्द जोडून बनणारी उत्तरं, सोपे. भुसावळ-सुरत गाडीत खिडकीशी बसा आणि फलकांवरची स्टेशनांची नावं फोडत चला. धरणगाव म्हणजे बंधारा अधिक खेडं. हा सराव मला फार आवडतो. अमळनेर तुम्ही फोडा.