घर-गोठा बांधताना या चुका टाळा: भाव विचारता, आयुष्य कोण विचारणार?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात पत्रा घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "फुटाला काय भाव?" चूक इथंच होते. आधी विचारा, पत्रा किती जाड आणि त्यावर जस्त किती? 120 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त. 275 जीएसएमवर ते दुपटीहून जास्त. दुकानात दोन्ही सारखेच चकाकतात. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळाभर छप्पर धड वाळत नाही, तिथं फरक कळतो.

आमच्या गोठ्यावरचा पत्रा उतरवला तेव्हा मधला भाग धडधाकट होता. स्क्रूंभोवती मात्र रुपयाएवढी भोकं पडलेली, रबरी वॉशर वाळून चिरलेले. त्यात जनावरांच्या मुताची वाफ खालूनही पत्रा खाते. म्हणून स्क्रू-वॉशर चांगलेच घ्या, दरवर्षी मिरगाच्या आधी वर चढून बघा. भोकं पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडा, नाहीतर तो तिथंच गंज धरतो. पत्रा दुसऱ्यांदा घालताना मजुरी पुन्हा, टेम्पो पुन्हा, आणि भिजलेलं पिंजर (भाताचं वाळलेलं गवत) वाया जातं ते वेगळंच. हा हिशेब पहिल्या दिवशीच मांडायला हवा.

स्लॅबचं म्हणाल तर सळी महागातली आणतात आणि कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी फळीपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, विसरतात. स्लॅबच्या सळीखाली किमान 20 मिलिमीटर काँक्रीट हवं. सळी फळीला टेकली की पुढं ओल शिरते, सळी गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी मारा. गवंडी चौथ्या दिवशी "बास झालं" म्हणाला तरी ऐकू नका.

पंपाचंही तसंच. वर तेवढंच पाणी चढवायला एक पंप 1.1 किलोवॅट घेतो, दुसरा 0.8. रोज तीन तास चालवला तर वर्षाला सुमारे 328 युनिट जादा. शेतातल्या 10 एचपीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात वीज मोफत, म्हणून तिकडं कुणी बघत नाही. पण कमी व्होल्टेजला मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळलं की बोअरमधून पंप वर काढण्याचा खर्च आपलाच. केबल बारीक घेतली तर व्होल्टेज आणखी पडतं.

आणि बिलावर जाडी, जीएसएम, कंपनी लिहून घ्याच. "पत्रा 40 नग" एवढ्याच बिलावर गंजलेला पत्रा कुणी बदलून देत नाही.