मातृझाड खचतंय: दोष मुळात की डोळ्यात?

वरूड, मोर्शी, काटोलकडे आता पन्हेरीवाले (रोपवाटिकावाले) शेडनेटमध्ये संत्र्याची कुंडीतली मातृझाडं ठेवून त्यांच्यापासून डोळकाडी, म्हणजे कलमासाठी डोळे असलेली काडी, घेतात. पहिली दोन-तीन वर्षं काडी जोमदार मिळते. मग नवती (नवी फूट) आखूड येते, पानं बारकी पडतात, शेंड्याकडून सल (वाळकी काडी) वाढते आणि खुंटावर भरलेले डोळे पकडत नाहीत. "झाड म्हातारं झालं" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर चूक आहे. नागपुरी संत्रा पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यावरच चालत आला. वयानं खचायचा असता तर वाण कधीच संपला असता. खचतं ते दोन कारणांनी: मुळाला जागा, हवा, पाणी नीट मिळत नाही, किंवा डोळ्यातच रोग बसलेला असतो. पहिलं दुरुस्त होतं, दुसरं होत नाही. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी यातलं कोणतं ते ठरवा.

आधी नेटमध्ये एक चक्कर मारा. सगळीच झाडं सारखी मरगळली असतील तर संशय पाण्यावर, मातीवर नाहीतर उन्हावर घ्या. शेजारची चार झाडं ठणठणीत आणि एकच खचलेलं असेल, तर त्याचं मूळ आणि त्याचा डोळा तपासायचा.

मूळ बघायला कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. कुंडीच्या कडेनं मुळांचा विळखा बसला असेल तर पाणी मधल्या मातीत शिरतच नाही, कडेनं वाहून जातं. वरून ओल दिसते आणि झाड तहानलेलं राहतं. मग एखादं बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी सरकली आणि आत नुसता दोरा उरला, तर ती फायटोफ्थोरा या बुरशीची मूळकूज आहे. निरोगी मूळ पांढरट-पिवळसर असतं, साल घट्ट असते. जंबेरीचा खुंट, म्हणजे ज्यावर डोळा भरतात ते खालचं मूळझाड, या बुरशीला लवकर बळी पडतो. रंगपूर लाईमचा खुंट त्या मानानं तग धरतो.

विळखा असेल तर गोळ्याची कड चारी बाजूंनी २ ते ३ सेंमी करवतीनं काढा, उभे ३-४ काप द्या आणि नवी माती भरा: दोन भाग गाळाची माती, एक भाग रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कुंडीत काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. वरचा विस्तारही एक तृतीयांश छाटा, कारण कमी झालेल्या मुळांना तेवढी पानं पोसवत नाहीत. हे काम जानेवारीअखेर-फेब्रुवारीत किंवा पाऊस लागल्यावर करा, एप्रिल-मेमध्ये मुळीच नाही. मूळकूज दिसली असेल तर सडलेली मुळं कापून मेटॅलॅक्झिल-मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओता. खोडावर डिंक असेल तर तिथली साल खरवडून बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी त्याच दिवशी टाकू नका, पंधरा दिवस थांबा. नाहीतर औषध रोगाच्या बुरशीबरोबर तिलाही मारतं.

दरवर्षी वरून खत टाकताना कुंडीतली माती चढत जाते आणि डोळा भरलेली जागा हळूहळू गाडली जाते. ती मातीपासून वीतभर तरी वर हवी. अर्धी पायकूज इथूनच सुरू होते, आणि ती खतानंच ओढवून घेतलेली असते.

पाण्याची तपासणी साध्या टीडीएस मीटरनं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरनं होते. संत्र्याला क्षार सोसत नाहीत. पाण्याचा ईसी (क्षारांमुळे वाढणारी विद्युतवाहकता) १ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर, म्हणजे मीटरवर साधारण ६४० पीपीएमच्या पुढे गेला की कुंडीत धोका सुरू होतो, कारण क्षार कुंडीतच साचत जातात. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर मातृझाडं ठेवणं म्हणजे हळूहळू मीठ चारणं. पानांची टोकं करपली असतील तर कुंडी धुऊन काढा: ५० लिटरच्या कुंडीला १०० ते १५० लिटर चांगलं पाणी, तीन हप्त्यांत, अर्ध्या अर्ध्या तासानं. खालून निघणाऱ्या पाण्याचं रीडिंग वरून घातलेल्या पाण्याजवळ आलं की थांबा. धुण्यात नत्रही वाहून जातं, ते आठवड्यानं थोडं थोडं द्या.

मे महिन्यात पश्चिमेकडच्या कुंड्यांची भिंत तापते आणि आतलं मूळ काम करणं सोडतं. कुंडीला चुना मारा, ओलं बारदान गुंडाळा. दिवाळीनंतर नेटवरची धूळ धुवा. धूळ बसलेल्या जाळीखाली झाड लांबट आणि पोकळ वाढतं. गरम कोरड्या नेटमध्ये कोळी ही बारीक कीडही फार येते. पानावर चांदीसारखे ठिपके दिसले की पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्या. गंधक भर उन्हात फवारलं तर पानंच करपतात.

आता पान. इथं घाई केली की पैसा वाया जातो. कोवळं पान पिवळं आणि शिरांचं बारीक हिरवं जाळं स्पष्ट, म्हणजे लोह कमी. चुनखडीच्या मातीत लोहाचं ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं खत) टिकत नाही, ईडीडीएचए चिलेट घ्या. पान अरुंद, उभं आणि शिरांमध्ये पिवळं, म्हणजे जस्त कमी. झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विरलेला चुना २.५ ग्रॅम प्रति लिटर फवारा. जुन्या पानावर देठाकडे हिरवा त्रिकोण उरला असेल तर मॅग्नेशियम. या तिन्हींत पानाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मधल्या शिरेच्या एका बाजूचे डाग दुसरीशी जुळत नसतील, शिरा जाड झाल्या असतील, तर ग्रीनिंग या जीवाणूजन्य रोगाचा संशय घ्या. हा जीवाणू सिट्रस सायला कीड पसरवते, आणि तो डोळ्यातूनही जातो. जस्त फवारून हिरवेपणा थोडा परत आला तरी फसू नका. रोगट झाडात जस्तही कमी पडतंच.

पक्का निवाडा डोळाच देतो. संशयित झाडाचे चार-पाच डोळे स्वच्छ मातीतल्या निरोगी रंगपूर खुंटांवर भरा आणि तेवढेच कागदी लिंबाच्या रोपांवर. रंगपूरवर नवती टवटवीत आली तर दोष जुन्या मुळात होता. ती नवतीही आजारी आली तर दोष डोळ्यात आहे. कागदी लिंबाचं कोवळं पान उजेडापुढे धरा. शिरांमध्ये तुटक पारदर्शक रेघा दिसल्या तर ट्रिस्टेझा हा विषाणूरोग. ही परीक्षा ऑक्टोबर ते जानेवारीतच करा, उन्हाळ्यात लक्षणं दबतात आणि आजारी झाड निरोगी ठरतं. ट्रिस्टेझा काही आठवड्यांत दिसतो, ग्रीनिंगला महिने लागतात, म्हणून त्यासाठी प्रयोगशाळेत पीसीआर (जीवाणूचा डीएनए शोधणारी) तपासणी करून घ्या. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे विचारा. निकाल येईपर्यंत त्या झाडाची एकही काडी विकू नका.

चाकूही संशयितच असतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं १ टक्का क्लोरीनच्या द्रावणात बुडवा, धुवा, शेवटी तेल लावा. नुसतं स्पिरिट लावून किंवा ज्योतीवरून फिरवून व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकण) मरत नाहीत.

रोग डोळ्यातच निघाला तर झाड वाचवायच्या मागे लागू नका. एका मातृझाडाचे डोळे वर्षाला शेकडो कलमांत जातात, आणि शेतकऱ्याला दोष दिसेपर्यंत बाग फळावर आलेली असते. तेच झाड अगदी हवं असेल तर शेंडा कलम हा मार्ग आहे, पण मिलिमीटरचा एक-दोन दशांश एवढा शेंडा काचनळीतल्या रोपावर बसवायचं काम प्रयोगशाळेचं आहे, पन्हेरीचं नाही. बाकीची रोगट झाडं उपटण्याआधी सायलासाठी फवारणी करा, दुसऱ्या दिवशी उपटा. आधी उपटलं तर किडे उडून शेजारच्या कुंडीवर बसतात. मग उपटलेल्या झाडाचा नंबर वहीत शोधा आणि त्याच्या डोळ्यांवरची शिल्लक कलमंही काढून टाका.