फिलिपिन्समधील ग्रामीण म्युनिसिपालिटीचा परिचय कसा लिहावा: बानावेचे उदाहरण

परदेशातील ग्रामीण प्रदेशावर टिपण लिहिताना लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि प्रेक्षणीय स्थळांची जंत्री देऊन मोकळे होण्याची सवय आपल्याकडे फार आहे. अशा टिपणातून तिथली माणसे कशावर जगतात, हे कळत नाही. लुझॉन बेटाच्या उत्तरेला, कॉर्डिलेरा पर्वतरांगेत वसलेल्या बानावेच्या आधाराने हे काम अधिक नेटके कसे करावे, ते पाहू.

आरंभी प्रशासकीय चौकट पक्की करावी. प्रांत, त्याखाली म्युनिसिपालिटी किंवा शहर आणि सर्वांत खाली बारांगाय अशी ही रचना असून तिला १९९१ च्या स्थानिक शासन संहितेचा आधार आहे. म्युनिसिपालिटीच्या हद्दीत बाजारपेठेच्या वस्तीबरोबरच डोंगर, जंगल, शेते आणि दूरदूरच्या वाड्याही येतात. मध्यवर्ती वस्तीला पोब्लासिओन म्हणतात. बानावे इफुगाओ प्रांतात असून तिच्यात १८ बारांगाय आहेत. पर्यटकांसाठीच्या मजकुरात बाताद आणि बांगाआन ही जणू निराळी गावे असल्यासारखी येतात. ती बानावेचीच बारांगाय आहेत, म्हणून नावांची यादी तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या भौगोलिक सूचीवरूनच घ्यावी. १९६६ पूर्वीच्या लिखाणात हा भाग माउंटन प्रॉव्हिन्समध्ये दाखवलेला असतो, कारण इफुगाओ हा स्वतंत्र प्रांत त्या वर्षी झाला.

यानंतर भूगोलाकडे वळावे आणि तो पाण्याच्या वाटेने लिहावा. माथ्यावर कुटुंबांनी राखलेले खासगी जंगल असते, त्याला मुयोंग म्हणतात. हे जंगल पावसाचे पाणी धरून ठेवते, सरपण आणि घरबांधणीचे लाकूड पुरवते. त्यातून झिरपलेले पाणी चरांवाटे वरच्या खाचरात येते आणि तिथून एकेक पायरी उतरत नदीपर्यंत जाते. खाचरांचे बांध काही ठिकाणी दगडी, तर काही ठिकाणी मातीचे असतात. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवले तर खालचा कोरडा पडतो. त्यामुळे पाण्याची वाटणी आणि बांधांची डागडुजी ही शेजाऱ्यांनी मिळून करण्याचीच कामे ठरतात. जंगल, चर आणि खाचर यांची वर्णने वेगवेगळ्या परिच्छेदांत विखुरली, तर हा संबंध हरवतो. या शेतांत पिकणाऱ्या तिनावोन या पारंपरिक भाताचे वर्षातून एकच पीक येते, हेही याच ठिकाणी सांगावे.

इथे दोन गोष्टींबाबत विशेष सावध राहावे. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या भातपायऱ्यांच्या, म्हणजे डोंगरउतारावर पायऱ्यांसारख्या रचलेल्या खाचरांच्या, पाच समूहांपैकी बाताद आणि बांगाआन हे दोन बानावेत आहेत; मात्र छायाचित्रांत सर्वाधिक दिसणाऱ्या, पोब्लासिओनजवळच्या व्ह्यू पॉइंटवरून दिसणाऱ्या पायऱ्या त्यांत मोडत नाहीत. दुसरी गोष्ट वयाची. या पायऱ्या दोन हजार वर्षे जुन्या असल्याचे जुन्या अभ्यासकांनी मांडले होते आणि तेच सर्वत्र छापले जाते. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांच्या संशोधनानुसार मात्र या भागात ओल्या भातशेतीचा विस्तार स्पॅनिश आगमनानंतर, म्हणजे सुमारे चारशे वर्षांपूर्वी झाला. दोन्ही मते द्यावीत. स्पॅनिश सत्तेपासून दूर डोंगरात सरकलेल्या लोकांनी एवढे बांधकाम काही पिढ्यांत उभे केले असेल, तर मला ते अधिकच थक्क करणारे वाटते.

लोकांविषयी लिहिताना ‘आदिवासी जमात’ एवढ्यावर भागवू नये. तुवाली आणि आयांगान हे इथल्या इफुगाओ लोकांमधील भाषिक गट आहेत. बाजारात आणि परगावच्या लोकांशी बोलताना इलोकानो चालते, तर शाळेत फिलिपिनो आणि इंग्रजी. नाते आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी मोजले जाते, आणि परंपरेने भातखाचरांचा मोठा वाटा मुलगा असो वा मुलगी, थोरल्या अपत्याकडे जातो. ख्रिस्ती धर्म सर्वत्र पोचला असला तरी मुंबाकी, म्हणजे विधी करणारे पुरोहित, आणि धान्याचे रक्षण करणाऱ्या बुलुल या लाकडी मूर्ती यांचा उल्लेख टाळता येणार नाही. पारंपरिक घराचे वर्णन तपशिलाने करावे: चार खांबांवर उचललेले घर, उंदीर वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाला बसवलेली गोल लाकडी चकती आणि वर गवताचे उतरते छप्पर. कापणीच्या वेळी आणि मृताच्या जागरणात स्त्रियांच्या पुढाकाराने गायली जाणारी हुधुद ही कथागीते युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. त्यांना शेतीच्या वर्णनाशेजारीच जागा द्यावी.

लोकसंख्येचे आकडे शेवटी द्यावेत, आणि एकटे देऊ नयेत. २०१० च्या जनगणनेत २२ हजारांवर असलेली बानावेची लोकसंख्या २०२० मध्ये २१ हजारांच्या खाली आली. तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडतात, बांध ढासळला तर दगड रचणारे हात कमी पडतात, आणि लाकूडकाम किंवा वाटाड्याच्या कामातून मिळणारा पैसा भातापेक्षा लवकर हातात येतो. प्रत्यक्ष तिथे जाऊन माहिती घेणार असाल तर आधी त्या बारांगायच्या कार्यालयात जाऊन कामाचा हेतू सांगावा, विधींचे किंवा बुलुलांचे छायाचित्र परवानगीशिवाय घेऊ नये आणि प्रत्येक नोंदीपुढे बारांगायचे नाव व महिना लिहावा. कारण तेच खाचर लावणीआधी पाण्याने भरलेले, पुढे हिरवे आणि कापणीनंतर उघडे दिसते.