लायब्ररी सायन्स करताय? रिसर्च डेटाच्या कामाबद्दल थोडं बडोद्यातून

बडोद्यातली लायब्ररी सायन्सची मुलं विचारतात की एम.लिब. झाल्यावर पुस्तकं इश्यू करण्यापलीकडे काय काम असतं. भरपूर असतं. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे युनिव्हर्सिटी लायब्रऱ्या जोडणारं यूजीसीचं केंद्र, देशभरातल्या संशोधनाची माहिती एकत्र आणतंय, पीएचडीचे थिसिस शोधगंगेवर, सिनॉप्सिस शोधगंगोत्रीवर, प्राध्यापकांचे प्रोफाइल विद्वानवर आणि अख्ख्या संस्थेचं मिळून आयरिन्सवर. २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारी संस्थांसाठी केंद्र सरकारने एकत्र भरलेली जर्नल्सची वर्गणी, तीही तिथूनच चालते, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, ३ वर्षांचे ६,००० कोटी.

पण हे सगळं उभं आहे ते कॉलेजात बसून एंट्री करणाऱ्याच्या जिवावर, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ खातात ती नावं. आपल्याकडे आडनाव शेवटी, गुजरातेत कागदावर आडनाव आधी, त्यात लग्नानंतर बाईंचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, मग एकच मॅडम कुठे जोशी एस. आर., कुठे एस. पी. कुलकर्णी, आणि निम्मे पेपर भलतीकडेच. म्हणून प्राध्यापकांना आधी ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ऑनलाइन ओळख नंबर, काढून द्या, १६ आकडी असतं, फुकट आहे. शेजारी बसून काढा, जुनी नावंही त्यात टाका, आणि ईमेल पर्सनल घ्या कारण रिटायर झाल्यावर कॉलेजचा बंद होतो.

डीओआय, म्हणजे पेपरचा स्वतःचा कायमचा ऑनलाइन नंबर, असलेले पेपर प्रोफाइलवर बरेचसे आपोआप येतात. मराठी-गुजराती नियतकालिकांतले बहुतेक येत नाहीत, ते हाताने भरावे लागतात आणि ते भराच हो! गायकवाडी दफ्तरातले, म्हणजे जुन्या बडोदा संस्थानाचे, मोडी कागद वाचून कुणी वर्षानुवर्षं मराठीत लिहिलं असेल आणि प्रोफाइलवर शून्य दिसत असेल तर तो त्या माणसावर अन्याय आहे, मला याचा खरंच त्रास होतो.

थिसिस अपलोड करताना पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर मराठीऐवजी एबीसीडी आणि चिन्हांची खिचडी येते, म्हणजे तो थिसिस सर्चमध्ये मराठी शब्द टाकून कधीच सापडणार नाही. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी, फाइल मागा, गाइड कुरकुरले तरी मागा.

शिकायचं म्हणाल तर एक्सेलवर हात बसलेला हवा, आणि डीस्पेस यायला हवं, ते थिसिस-पेपर ऑनलाइन साठवायचं सॉफ्टवेअर, शोधगंगा त्यावरच चालते, ते ओपन सोर्स आहे, घरच्या लॅपटॉपवर टाकून खेळता येतं. तुमचं स्वतःचं ऑर्किड मात्र आजच काढा आणि एम.लिब.चं डिझर्टेशन त्यात टाकून द्या.